मेदरानोचं कोपर

लाइल झिमेकने एक पौंडाचं पितळी वजन तराजूवर ठेवलं आणि तो हात मागे बांधून उभा राहिला. काउंटरमागचा हॅम कापणारा माणूस घामाघूम झाला होता.

"कमी दाखवतोय," लाइल म्हणाला. "म्हणजे गिऱ्हाइकाला तुम्ही थोडं हॅम फुकट देताय."

"मग... दंड?"

"फुकट द्यायला दंड नाही. पण जमलं तर थांबवा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"लाइल, मेदरानोचा भाव काय चाललाय?" आर्लीन हुडाकने विचारलं. कसा आहेस वगैरे तिच्यात नव्हतं. चौतीस वर्षं तिने इस्पितळाच्या प्लास्टरखोलीत काढली होती, आणि तिथे येणारा माणूस कसा आहे हे सहसा दारातूनच दिसतं. "नॉर्म मागतोय त्याला. बदल्यात तिघं देतो म्हणतो. तिघांचीही नावं मी ऐकलेली आहेत."

"तेच वाईट आहे. तिघांचं वय मिळून एकशे सतरा होतं."

"असं होय! मग तूच सांग, तो किती भारी आहे. मिल्ट म्हणायचा, किंमत कळेनाशी झाली की लाइलला विचारावं."

लाइलने वजन मखमलीच्या खोबणीत परत ठेवलं. "उद्या दुपारी येऊन सांगतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी बदललं होतं, पण ते हॅमवाल्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि हॅमवाला स्वतःच्याच काळजीत होता.

एरी गावातले दहा जण बावीस वर्षं बेसबॉल न खेळता बेसबॉल खेळत होते. दर मार्चमध्ये खऱ्याखुऱ्या खेळाडूंची आपसात वाटणी करायची, आणि मग सहा महिने ते खेळाडू कुठेतरी लांब घाम गाळून जे करतील त्याचे गुण आपल्या संघाच्या नावावर लावून घ्यायचे. खेळाडूंना यातलं काही माहीत नसे. उगाच दडपण नको म्हणून कोणी कळवलंही नव्हतं.

हंगामाच्या मध्यात खेळाडूंची अदलाबदल चाले, आणि प्रत्येक अदलाबदल लाइलपुढे येई. लाइल काउंटीचा वजनमापे निरीक्षक. पहिल्याच वर्षी कोणीतरी थट्टेत म्हणालं, "हा सौदा लाइलच्या काट्यावर ठेवा रे," आणि ती थट्टा थांबवायची कशी हे कोणालाच न सुचल्यामुळे तिचा नियम झाला. लाइल दोन्ही बाजूंचे आकडे मांडायचा, एक दिवस घ्यायचा आणि म्हणायचा, "भरतं" किंवा "भरत नाही." त्यावर अपील नव्हतं. स्वतःचे सौदेही तो स्वतःच तोलायचा आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नसे. असा हा माणूस बावीस वर्षांत एकदाही जिंकला नव्हता. लाइलला तो योगायोग वाटायचा. बाकीच्यांना वाटायचा नाही.

आर्लीनचा नवरा मिल्ट त्या फेब्रुवारीत गेला. या दहा जणांच्या मंडळाचा चौदावा नियम असा होता की मालक वारल्यास संघ वारसाकडे जाईल. मिल्टनेच तो बियर पिताना लिहिला होता. त्याप्रमाणे आर्लीनच्या वाट्याला घर, गवत कापायचं यंत्र आणि 'रागीट बदकं' नावाचा संघ आला. मंडळाचा अध्यक्ष नॉर्म बायली हा गावातला अंत्यविधीवालाही होता. शवपेटीपाशी उभं राहून त्याने आर्लीनचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे टिपले आणि हलकेच विचारलं, "वाटणी एकोणीस मार्चला आहे. येशील ना?"

ती गेली. सगळ्यांनी आकड्यांच्या जाडजूड फायली आणल्या होत्या. तिने एक पेन्सिल आणली होती. मिल्टने राखून ठेवलेले चाळिशीचे पाच लाडके तिने तसेच ठेवले आणि पहिला नवा खेळाडू घेतला तो रेनेल मेदरानो, चोवीस वर्षांचा, कोणी नाव न ऐकलेला पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. "खांदे सरळ आहेत," एवढंच ती म्हणाली. नऊ जण एकमेकांकडे बघून प्रेमाने हसले. जूनपर्यंत मेदरानो देशातल्या पहिल्या पाचांत गेला आणि ते हसणं बंद झालं. म्हाताऱ्या पाचांमुळे रागीट बदकं मात्र शेवटूनच पहिली राहिली.

आता ऑगस्ट सरत आला होता. नॉर्म पहिला होता, लाइल दुसरा, आणि दोघांत फक्त चार गुणांचं अंतर. अदलाबदलीची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. मेदरानो नॉर्मकडे गेला तर लाइलचं तेविसावं वर्ष मागच्या बावीस वर्षांसारखंच होणार होतं. आणि मेदरानो लाइलकडे आला तर? आर्लीनचा फोन आला त्याच संध्याकाळी लाइलने फ्रिजवरचं कॅलेंडर आणि टॉर्च खाली काढून चषकापुरती जागा होते का ते पाहिलं. होत होती.

गुरुवारी दुपारी तो आर्लीनकडे चार पानं घेऊन गेला. तिने लोण्यात परतलेल्या कांद्याबरोबर पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, वाढल्या आणि टीव्हीवर आदल्या दिवशीचा सामना लावला.

"हे बघ. टाकला चेंडू. आता बघ हं. बघितलंस?"

"हात झटकला. सगळेच झटकतात."

"सगळे मनगट झटकतात. हा बोटं मिटून उघडतोय. तीही सगळी नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं." तिने काटा खाली ठेवून स्वतःच्या कोपरावर आतल्या बाजूला टिचकी मारली. "इथलं गेलंय त्याचं. मुंग्या येतायत. पोरगा बोलत नाहीये कोणाला. तीन आठवडे, फार तर."

"आर्लीन, त्याचा वेग जूनपेक्षा ताशी अर्धा मैल वाढलाय." लाइलने पहिलं पान तिच्यापुढे सरकवलं. "आकडे उत्तम आहेत."

"आकड्यांना कोपर नसतं रे."

"मग नॉर्मला का देत नाही?"

"नॉर्मला सकाळीच सांगितलं मी, कोपर गेलंय म्हणून. मिल्टचं सगळं किती छान केलं त्याने. त्याच्या गळ्यात नासका माल कसा बांधू? त्याने लगेच मागणी मागे घेतली आणि वर विचारलं, माझा गुडघा बघतेस का."

लाइलने दुसरं आणि तिसरं पान पुढे केलं. आपला शॉर्टस्टॉप, म्हणजे मधल्या फळीतला क्षेत्ररक्षक, टीग आणि एक चांगला फलंदाज, दोघांच्या बदल्यात मेदरानो. चौथं पान कोटाच्या खिशातच राहिलं. चौथ्या पानावर बेरीज होती, आणि बेरीज असं सांगत होती की दोघं मिळूनही मेदरानोपेक्षा अकरा गुणांनी हलके आहेत. कोपर धडधाकट धरलं तर आर्लीन ठकत होती. आणि लाइलने ते धडधाकट धरलं होतं.

"अरे, मी आत्ता काय सांगितलं?"

"ऐकलं मी."

"ऐकलंस. मानलं नाहीस."

"तुम्ही नुसतं टीव्हीवर बघून सांगताय. मी एप्रिलपासूनचा प्रत्येक चेंडू मोजलाय."

तिने टीव्हीचा आवाज कमी केला. "मिल्टलाही मी म्हटलं होतं, छातीत दुखतंय ना, मग दाखवून ये. तर तो मशीन लावून बसला. म्हणाला, रक्तदाब बरोबर येतोय."

"आणि?"

"आणि रक्तदाब बरोबरच होता."

टीव्हीवर मेदरानोने आणखी एकाला बाद केलं. प्रेक्षक उठून उभे राहिले.

"घे," आर्लीन म्हणाली. "हट्टच आहे तर घेऊन टाक. टीगचे गुडघे चांगले आहेत."

त्या संध्याकाळी लाइलने मंडळाला कळवलं: "भरतं."

पाच मिनिटांत नॉर्मचा फोन आला. "लाज नाही वाटत? विधवेच्या घरी जाऊन, तिच्याच पिएरोगी खाऊन सौदा करतोस?"

"तू फुलं घेऊन गेला होतास."

"ती उरलेली होती!" नॉर्म ओरडला. "एक मिनिट. तिने तुला सांगितलं ना, कोपराचं?"

"सांगितलं."

"आणि तरी घेतलास?"

"घेतला."

नॉर्मने फोन हलकेच ठेवून दिला. तीस वर्षांच्या धंद्यात त्याला एवढा हळुवारपणा कधी साधला नव्हता.

नवव्या दिवशी लाइल हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर पाच गॅलनचा मापाचा डबा भरत होता. पंपाच्या दुकानात सामना चालू होता आणि काचेतून पडदा दिसत होता. मेदरानोने एक चेंडू टाकला, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात कोणीतरी तिथे विसरून गेलं असावं, आणि कोणाची वाट न बघता तो एकटाच मैदानाबाहेर चालू लागला. लाइल बघत राहिला. पेट्रोल डब्याबाहेर येऊन त्याच्या बुटात शिरलं.

"साहेब," पंपवाला घाबरून म्हणाला, "आमचा पंप जास्त देतोय का?"

"नाही," लाइल म्हणाला. "पंप बरोबर आहे."

हंगाम संपला तेव्हा नॉर्म पहिला होता आणि लाइल तिसरा. टीगच्या जोरावर रागीट बदकं दहाव्या जागेवरून पाचव्या जागेवर आली होती.

एवढ्यावर संपलं असतं तर लाइलने ते पचवलं असतं. तेविसाव्यांदा हरायला काही नवं कौशल्य लागत नाही. पण नॉर्मने दोन गोष्टींची सांगड घातली होती. लाइलला कोपराचं माहीत होतं. तरी त्याने आपले दोन उत्तम खेळाडू देऊन गेलेला पिचर घेतला. आपल्या तोंडचा चषक सोडून दिला, का, तर मिल्टच्या बायकोची नाचक्की होऊ नये! नॉर्म हे ज्याला त्याला सांगत सुटला, आणि अंत्यविधीवाल्याला गावात सगळे भेटतात. किराणा दुकानात एका बाईने लाइलला मिठी मारली. हॅमवाल्याने पाव पौंड जास्त घातलं आणि म्हणाला, "असू दे साहेब, दंड नसतो."

लाइल प्रत्येक वेळी तोंड उघडायचा आणि मग मिटायचा. पहिल्या आठवड्यात त्याला लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात थोडी कमी वाटली. तिसऱ्या आठवड्यात नॉर्मने जाहीर केलं की यंदापासून 'मिल्ट हुडाक सज्जनता चषक' सुरू होत आहे आणि पहिला मानकरी लाइल आहे. तेव्हा लाइलने घरी जाऊन फ्रिजचा वरचा भाग पुसून घेतला.

ऑक्टोबरमधली मेजवानी नेहमीप्रमाणे नॉर्मच्याच अंत्यविधीच्या दालनात झाली, कारण तिथे शंभर खुर्च्या, कॉफीचं मोठं यंत्र आणि गाड्या लावायला जागा होती. नॉर्मने व्यासपीठावर उभं राहून त्याच्या कामाच्या आवाजात भाषण केलं. दोघं जण रडले. चषक म्हणजे बोलिंगच्या कुठल्याशा स्पर्धेतली पितळी बाई होती, आणि तिच्या हातातला चेंडू कापून तिथे प्लास्टिकची बॅट चिकटवली होती.

लाइलने तो हातात घेतला. सवयीने त्याच्या मनात आलं, दोन पौंड, तीन औंस. त्याने समोर पाहिलं. मधल्या रांगेत आर्लीन तळलेल्या माशातले काटे काढत होती. या तीन आठवड्यांत ती एका शब्दानेही काही बोलली नव्हती. आत्ताही ती वर बघत नव्हती.

"तिने मला सांगितलं होतं," लाइल म्हणाला.

"माहितीये आम्हाला!" नॉर्म रुमाल काढत म्हणाला. "म्हणून तर हा चषक!"

"मी मानलं नाही. मला वाटलं तिला काही कळत नाही. मला जिंकायचं होतं, नॉर्म. तुला हरवायचं होतं." त्याने चषक दुसऱ्या हातात घेतला. "आणि माझ्या आकड्यांप्रमाणे तो सौदा भरत नव्हता. अकरा गुणांनी ती ठकत होती. ते पान मी तिला दाखवलं नाही आणि तुम्हाला भरतं म्हणून कळवलं."

दालनात कॉफीच्या यंत्राची गुरगुर ऐकू येऊ लागली.

"अरे, मग दोन हजार अकराचा माझा सौदा?" मागून एकाने विचारलं.

"तो भरत होता."

"नक्की?"

"नक्की."

"हात्तिच्या," तो माणूस म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मला कोणीतरी गंडवलं होतं."

लाइलने चषक नॉर्मच्या हातात दिला. नॉर्मला तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून तो बाळासारखा कवेत धरून उभा राहिला. लाइलची खुर्ची पहिल्या रांगेत होती आणि तिच्या पाठीला पांढरी फुलं बांधली होती. तिच्यावर जाऊन बसणं त्याला जमलं नाही. तो खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालू लागला. वाटेवरचे लोक आपापल्या ताटात बघत होते.

आर्लीनच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर तिची पर्स होती. संध्याकाळभर तिने ती खुर्ची कोणालाच दिली नव्हती. दोघांनी विचारलं तेव्हाही नाही. तिने हात पुसले, पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.