खोक्यामागची आत्या

अडगळीच्या खोलीत होतं ते एवढं: प्लायवूडचं एक खोकं, हवेतली धूळ अडवणारा एक जाड फिल्टर, त्याच्या पाठीला एक पंखा, चिकटपट्टीची अडीच रिळं, पोषक जेली भरलेली एक बाटली, ऑर्किडचा एक डोळा आणि एक आत्या.

डोळे मुळात तीन होते. आत्याचं झाड मुळापासून सडलं तेव्हा भाचीने ते दांड्यावरून कापून घेतले. एका डोळ्यातून बाटलीत अख्खं झाड उगवतं, फक्त लावताना हवेत बुरशीचा कण नको. म्हणून घरच्या घरी हे खोकं: मागची हवा पंख्याने फिल्टरमधून गाळून पुढे तोंडाशी सोडणारं. त्यात दोन डोळे लावले आणि दोन्ही बाटल्यांत पांढरी दाढी उगवली.

"ते झाड म्हणजे उभ्या जन्मात ह्यांनी आपणहून आणलेली एकच वस्तू," आत्या म्हणाली. "दुसरीची वाट बघत बसले तर मीच सडेन."

भाचीने फटी तपासल्या, स्पिरिटने सगळं पुसलं. चूक काही सापडेना.

"आत्या, ऊठ तिथून. तुझ्या शिंकांनीच घात केलाय."

धूळ नुसती आठवली तरी शिंकणारी आत्या खोक्यामागे खुर्ची टाकून वाटाणे सोलत होती.

"कसल्या शिंका? इथे बसल्यापासून एक आली असेल तर शपथ! काय झुळूक येते गं तुझ्या खोक्यातून."

"मागून?"

भाचीने खोक्याच्या तोंडाशी दोरा धरला. दोरा आत ओढला गेला. मागे धरला, तर थेट आत्याच्या नाकाकडे फडफडला. पंखा उलटा बसला होता.

"म्हणजे धूळ झाडाला आणि गाळीव हवा मला?"

"हो."

"मग बिघडलं कुठे?"

भाचीने पंखा सुलटा केला. फिल्टरही पालटला, नाहीतर त्यावर साचलेली धूळ डोळ्यावरच उडाली असती. आत्या लगेच खुर्ची उचलून खोक्यासमोर आली.

"इथे नाही, आत्या! इथे डोळा लावायचाय."

"एवढ्याशा डोळ्याचा काय तो थाट!" आत्या म्हणाली. मग बाटलीकडे बघत राहिली, वाटाणे पदरात घेतले आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात गेली.

महिन्याने भाचीने बाटली उजेडात धरली. बुरशी शून्य, पानं दोन, उंची अकरा मिलिमीटर. त्या दिवशी स्वयंपाकघरातून आलेल्या शिंका: सतरा.