तीनशे बारा बदाम

आमच्या घरात एक थोर विचारवंत राहतात, हे मला लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर समजलं. तोवर मी त्यांना नुसता नवरा समजत होते. रुपचंद गुरुजी, चौतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेले, गावाचे गुरुजी आणि घरच्यांचे नाना. गेल्या दिवाळीपासून ते रोज सकाळी चहाच्या आधी जगाला दोन ओळी सांगतात, आणि मग चहा गार झाला म्हणून मला चार ओळी सांगतात.

हे मोबाईलवरचं खूळ त्यांना माझ्या बहिणीच्या मुलीने, मोहिनीने लावून दिलं. ती जळगावला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मी तिला विचारलं, "हे नेमकं आहे तरी काय?"

"मावशी, याला मायक्रोब्लॉगिंग म्हणतात. थोडक्यात लिहायचं. ज्याला वाचायचं तो वाचतो, आवडलं तर खाली बदाम दाबतो."

"म्हणजे पारावर बसून बोलायचं. फक्त पार नाही, बसायचं नाही आणि समोर कोणी नाही."

"अगदी बरोबर," मोहिनी म्हणाली. तिला वाटलं मी कौतुक केलं.

थोडक्यात लिहायचं हे नानांना जमणं कठीणच होतं. त्यांचा पहिला मजकूर 'सादर प्रणाम, पत्रास कारण की' असा सुरू झाला आणि एकोणीस तुकड्यांत संपला. त्याला एक बदाम मिळाला, तो मोहिनीचा. मग ते सुधारले. 'आज थंडी आहे' असं लिहू लागले. आमच्या असोदा गावात थंडी आहे हे असोद्यातल्या माणसांना मोबाईलवरून कळू लागलं. जुने विद्यार्थी एकेक करून गोळा झाले. कोणी बोदवडला, कोणी सुरतेला, एक तर थेट न्यू जर्सीला. गुरुजी त्यांच्या लिखाणाखाली 'अक्षर सुधारा' असा शेरा मारत. छापील अक्षर कसं सुधारायचं ते त्या बिचाऱ्यांना कळत नसे.

खरी गंमत वेगळीच होती. याच माणसाने दीड वर्षापूर्वी याच वस्तूला उभ्याने शिव्या घातल्या होत्या, आणि त्या मला तोंडपाठ होत्या.

आमचा एकुलता एक राकेश धुळ्याला तंत्रनिकेतनात शिकवतो. दीपमाला त्याच्याबरोबर शिकवणारी. तिच्याविषयी त्याने घरी सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "बघू." आठ महिने ते बघतच होते. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', फक्त नाही म्हणायची हिंमत नसलेलं. शेवटी पोरगं कंटाळलं. दोन मित्र साक्षीला घेऊन नोंदणी कार्यालयात लग्न केलं आणि मोबाईलवर एक फोटो टाकला. खाली ओळ: 'आजपासून आम्ही दोघं.' संध्याकाळी घरी येऊन सांगणार होता, असं तो मला नंतर म्हणाला. पण नाना तेव्हा सलूनमध्ये अर्ध्या गालाला साबण लावून बसले होते आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला, "गुरुजी, अभिनंदन!"

उरलेला गाल तसाच ठेवून ते घरी आले. "मले माह्या पोराच्या लग्नाची खबर सलूनमध्ये भेटली," आधी एवढंच बोलले, मग उभ्याउभ्याच मोबाईलचा उद्धार सुरू केला.

हे त्यांना का लागलं ते सांगायला हवं. आमच्या आळीत कार्य निघालं की घरातलं मोठं माणूस वही घेऊन दारोदार जातं. नुसतं 'या बरं का' चालत नाही. 'चूलबंद आवतन' द्यायचं, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. पाहुणारावळा असेल तर त्यालाही घेऊन यायचं. घरातला कोणीतरी वहीत आपल्या नावापुढे खूण करतो. खूण केली आणि आला नाही, तर मग त्याने आपल्याही दारात कार्य काढताना विचार करावा. नानांचं अक्षर देखणं आणि गावात मान, म्हणून तीस वर्षं सगळ्यांची वही यांच्याच हातात. टोपी घातल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला आवतन दिलं नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नाची वहीच निघाली नाही.

तेव्हापासून बोलणं बंद. राकेशचा फोन आला की मी बोलायची आणि हे तुळशीला पाणी घालायला जायचे. इतकं पाणी घातलं की तुळस सडली. त्यांचं दुःख मला कळत होतं, पण रागही येत होता. दोघांचाही. धुळं काही परमुलखात नाही, अडीच तासांची वाट आहे. आणि त्या अडीच तासांवर दीड वर्षं दोन शहाणे हटून बसले होते.

डिसेंबरात एका सकाळी नाना एकदम म्हणाले, "त्याचं ते निळं स्वेटर आपल्या कपाटात आहे का वं?"

"कोणाचं?"

"असंच विचारलं," म्हणून ते मोबाईल घेऊन ओट्यावर गेले.

दुपारी ते झोपल्यावर मी मोबाईल उघडला. नानांना शेकडो माणसं वाचत होती. नाना मात्र एकाच माणसाला वाचत होते. राकेश. त्याने सकाळी लिहिलं होतं, 'धुळ्यात हाडं गोठवणारी थंडी. स्वेटर कुठे गेलं कोण जाणे.' त्याच्या आधी, 'आज डब्यात मेथी.' त्याच्या आधी, 'कालपासून ताप, आता उतरला.' तापाच्या दिवशी नानांनी मला दोनदा विचारलं होतं, धुळ्याकडे साथ आहे का म्हणून. हे सगळं थोर चिंतन, सादर प्रणाम आणि थंडी, एवढ्यासाठी चाललं होतं. मी मोबाईल होता तसा ठेवला आणि कपाटातून स्वेटर काढून उन्हात टाकलं. पदराने डोळे पुसले आणि त्यांना मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्या.

नंतर जानेवारी लागला आणि मळ्यातली वांगी भरताला आली. आमच्याकडची ती हिरवी, हाताच्या पंज्यात न मावणारी वांगी. राकेशचा जीव त्या भरतावर. बुधवारी नानांनी खूप वेळ खोडून खोडून लिहिलं: 'रविवारी आमच्या मळ्यात भरीत. सर्वांना चूलबंद आवतन. रुपचंद, असोदा.'

'सर्वांना' हा शब्द मी पाहिला आणि कपाळाला हात लावला. मुलाचं नाव लिहायला बोटं वळेनात, म्हणून या माणसाने अख्ख्या पृथ्वीला जेवायला बोलावलं होतं.

बदाम पडू लागले. शुक्रवारपर्यंत तीनशे बारा. 'येणारच गुरुजी!', 'तोंडाला पाणी सुटलं!', न्यू जर्सीवाल्याने तर टाळ्या वाजवणारे हात पाठवले. नाना जुनी आवतनाची वही काढून बसले. बदाम म्हणजे खूण, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

"तीनशे बारा घरं," ते म्हणाले. "चूलबंद म्हणजे घरटी चार माणसं धर. साडेबाराशे झाले."

"आणि न्यू जर्सीचा किती वाजता पोचतो?"

"तो सोड. तो नाही जमवणार." त्यांनी वहीतला एक माणूस कमी केला. माझ्याशी तासभर भांडून ते घरटी एका माणसावर उतरले. तरी ऐंशी किलो वांगी झाली.

शनिवारी मोहिनी आली आणि तोडलेल्या वांग्यांचा ढीग बघून चक्रावली. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "मावशी, बदाम म्हणजे येतो असं नसतं. बदाम म्हणजे वाचलं, बरं वाटलं. बसमध्ये उभं राहूनही लोक दाबतात. कोणी येणार नाही. नानांना सांगू का मी?"

मी ओसरीवर आले, मोहिनी मागोमाग. नाना मळ्याकडे गेले होते आणि वही उघडी होती. तीनशे बारा नावं, वळणदार अक्षरात, न्यू जर्सीचं तेवढं खोडलेलं. सगळ्यात पहिलं नाव: राकेश, धुळे. त्यानेही बदाम दाबला होता. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, माणसं: दोन. बाकी सगळ्या पृथ्वीला घरटी एक, आणि या एका घराला दोन. ज्या सुनेचं नाव या माणसाने दीड वर्षात तोंडातून काढलं नव्हतं, तिला त्याने मोजलं होतं.

आता बदाम म्हणजे काही नाही असं सांगितलं, तर राकेशचा बदामही काही नाही, असं झालं असतं.

"काही सांगू नको," मी मोहिनीला म्हटलं. "भाजू दे वांगी."

खरं सांगते, मी फक्त त्यांच्यासाठी गप्प बसले नाही. तो बदाम मीही खरा धरून बसले होते. मला कळत होतं, तरी.

रविवारी सकाळपासून मळ्यात पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ. वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत ठेचली. पातीचा कांदा, मिरच्या, लसूण, शेंगदाणे. वास गावापर्यंत गेला. बारा वाजले, साडेबारा वाजले. पुऱ्या फुगून खाली बसल्या. नाना टोपी घालून बांधावर उभे, लग्नात व्याही यायचे असावेत तसे. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

"गाड्या उशिरा असतील," ते म्हणाले. तीनशे बारा घरांच्या, एकाच वेळी.

मी तडक गावात गेले. रविंद्र आमच्या तीन घरं पलीकडचा, यांचा विद्यार्थी. बदाम देऊन घरी निवांत जेवायला बसला होता.

"रवी, आवतन पोचलं नाही का तुले?"

"पोचलं ना काकू! बदाम देला की मी!" तो आनंदाने म्हणाला. "पण गुरुजी दारावर कुठी आले? मले वाटलं, मोबाईलपुरतंच आहे."

मी दारोदार फिरले, तोंडाने सांगितलं. अर्ध्या तासात दीडशे माणसं मळ्यात. पंगत बसली. नाना वाढत होते, हसत होते, आणि दर दोन पानांमागे रस्त्याकडे बघत होते. त्यांचं ते बघणं मला बघवेना.

दीड वाजता माझा फोन वाजला. राकेश.

"आई, जेवणं झाली का?"

"पंगत चालू आहे. तू कुठी आहे?"

"घरी." मग तो म्हणाला, "आई, एक विचारू? नानांनं सर्वांना लिहिलं. त्या सर्वांत मी येतो का? चार दिस झाले, पाहू राह्यलो, खाली माहं नाव येते का. बदाम तं दाबला मी, पण तसंच कसं येऊ? पुन्हा 'बघू' म्हटलं तं?"

माझा इतक्या महिन्यांचा राग त्या एका वाक्यात विरघळला, आणि लगेच दुसरीकडे उसळला. मी सगळ्या पंगतीसमोर नानांच्या हातात फोन कोंबला. "घ्या. तुम्हाले त्याच्या लग्नाचं आवतन भेटलं नाही म्हणून दीड वर्ष रुसले, आणि तुम्ही त्याले कसं देलं? सलूनमधल्यासारखंच ना? दारावर जाता आलं नाही, नाव घेता आलं नाही. विचारू राह्यला तो, सर्वांत मी येतो का म्हणून."

नानांनी फोन कानाला लावला. मग टोपी नीट केली. फोनवर टोपी कोणाला दिसते, पण केली.

"दीपमालाले दे," ते म्हणाले.

पलीकडे गडबड झाली असावी. मग बारीक आवाज: "नाना, मी दीपमाला."

"नमस्कार. मी असोद्याचा रुपचंद बोलतो," नाना म्हणाले, आळीतल्या प्रत्येक दारात तीस वर्षं म्हणत आले होते तसंच, शब्दाला शब्द. "आज आमच्या मळ्यात भरीत आहे. तुमच्या घराले चूलबंद आवतन. दोघं या."

"पण नाना, मी आत्ताच कुकर लावला."

"उतरव," नाना म्हणाले.

पाच वाजता मोटरसायकल बांधाशी लागली. राकेश वाकला तेव्हा नानांनी घरून आणलेलं निळं स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकलं आणि ते पंगतीचं राहिलेलं आवरायचं असल्यासारखे वळले. मग वही आणली आणि दीपमालापुढे पेन धरला. तिला काय करायचं ते कळेना.

"नावापुढे खूण कर," मी म्हटलं. "म्हणजे आली असं होतं."

तिने वहीत पाहिलं. पहिलं नाव, धुळे, माणसं दोन. मग वाकून तिने एक लहानसा बदाम काढला, जरा वाकडा.

तीस वर्षांत त्या वहीत टिका, फुल्या, सह्या, अंगठे, सगळं झालं होतं. नानांनी चष्मा वर करून बदाम नीट पाहिला, शेरा काही मारला नाही. वही मिटून ते मला म्हणाले, "दोन पानं मांड."