ओल्या फळ्या

जाताना धान्य आणि परतीला खत-बियाणं वाहणाऱ्या या ट्रकवाल्याला सगळे तिरसिंगराव म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वाहतूक कंपनीनं नोकरीला बोलावलं तेव्हा तो म्हणाला होता, "दुसऱ्याच्या तालावर नाचायचं असतं, तर स्वतःची गाडी कशाला घेतली असती?"

आज हौद्यात थोरल्या बहिणीचा गहू होता. दाजी कंपनीची गाडी सांगायला निघाले होते, पण ताई हटूनच बसली. "माझा भाऊ असताना परक्याची गाडी कशाला? काही कमीजास्त झालं तर मला बोला." गोदामाची खरेदी आज संध्याकाळी बंद होणार होती, म्हणून ती स्वतः केबिनमध्ये येऊन बसली होती.

गोदामापुढची रांग हलायचं नाव घेत नव्हती. पुढचा ट्रकवाला चहाला गेला तो गेलाच. तिरसिंगरावानं हॉर्न दाबला, शिव्या गिळल्या, पुन्हा हॉर्न दाबला.

"या गोदामवाल्यांना घड्याळ फक्त जेवणाच्या सुट्टीपुरतं कळतं!"

"तू गप्प बस रे. उगाच कुणाला डिवचू नकोस," ताई म्हणाली.

दुपार कलल्यावर तपासनीस आला. वरच्या पोत्यांत त्यानं पोकळ सळई खुपसली, दाणे चावून पाहिले, मान डोलावली. मग खालच्या थरात खुपसली आणि त्याचा चेहरा बदलला.

"ओल आहे. माल परत न्या."

"ओल? पाऊस नाही, पाणी नाही, ओल कुठली? तुमचं यंत्रच बिघडलंय!"

"यंत्र कुठंय? हात घालून बघा की."

तिरसिंगरावानं तावातावानं हात घातला. दाणे गार लागले, बोटांना चिकटून आले.

कालच्या खताचा वास जावा म्हणून सकाळी त्यानंच हौदा घासून धुतला होता. हमाल म्हणाले होते, "भाऊ, फळ्यांना जरा ऊन खाऊ द्या, मग भरू." त्यानं वरून हात फिरवला, फळी कोरडी लागली. "मला शिकवू नका. भरा!" एवढ्या पोत्यांचं वजन पडल्यावर फळ्यांच्या खाचांत मुरलेलं पाणी वर येतं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण सांगणारे हमाल होते, आणि ऐकून घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आता चरफडायचं तरी कुणावर?

"साहेब, वरची पोती तरी घ्या," त्याच्या तोंडून विनवणी निघाली. ती त्याची त्यालाच अनोळखी वाटली.

"अर्धा माल घेत नाही आम्ही. वाळवून पुढच्या खरेदीला आणा."

पुढची खरेदी कधी, ते तपासनिसालाही माहीत नव्हतं.

तो केबिनपाशी आला. "ताई, हौदा ओला होता. मी..."

तिनं हातानंच त्याला थांबवलं. फोन वाजत होता. दाजी होते.

"नाही घेतला माल," ताई फोनवर म्हणाली. "ओल निघाली... नाही हो, त्याचा काय दोष? तो थांबूया म्हणत होता. मीच घाई केली."

पलीकडून दाजींचा आवाज चढला. शब्द कळत नव्हते, पण ताईची मान खाली गेलेली दिसत होती. त्याच्या वाट्याची बोलणी ती मुकाट्यानं खात होती, आणि जन्मभर कुणाचे उपकार न घेतलेल्या तिरसिंगरावाला "दे इकडे फोन" एवढंही म्हणवेना.