पंपाचं घर

जेरार बर्फात पालथा पडला, टॉर्च लावला, आणि आत बघायच्या आधी त्यानं दारावर टकटक केलं.

"आत कोण बसलंय तुझं?" मागून ओदिल म्हणाली.

"सवय गं, मावशी." जेरार कानापर्यंत लाल झाला. "दार दिसलं की हात जातोच."

दार होतंच तसं. दोन विती उंच, निळं, पितळेच्या मुठीचं. आत घर गरम करणाऱ्या हीट पंपाचा बाहेरचा डबा. त्याच्याभोवती चार भिंती, उतरतं छप्पर, बाजूला खिडकी आणि पुढं पंख्यासाठी एक गोल भोक. सगळा थाट ओदिलच्या घरासारखाच. मोठ्या घरानं कुशीत पिल्लू घेऊन बसावं तसं ते भिंतीला टेकून उभं होतं. ओदिलच्या नवऱ्यानं, प्लासिदनं, ते बांधलं होतं. गेल्या वसंतात प्लासिद गेला, घर राहिलं.

"खिडकीला पडदा पण होता," ओदिल म्हणाली. "उंदरांनी खाल्ला."

जेरारनं आत पाहिलं. डब्यावर बर्फाचा थर चढला होता, आणि आत पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता. जेरारनं टॉर्च विझवला आणि तसाच पडून राहिला. तो प्लासिदचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला त्याला प्लासिदनंच धरलं होतं.

"काय ते सांगून टाक," ओदिल म्हणाली.

"मशीन संपलंय, मावशी. नवीन लागणार. याच्यापेक्षा मोठं." तो उठून कपडे झटकू लागला. "आणि इथं नको. समुद्राकडच्या भिंतीला लावू."

"इथं काय झालं?"

"इथं काही नाही झालं," जेरार घाईघाईनं म्हणाला. "तिकडं बरं."

मग चहा झाला. आमच्या शेतिकॅंप या फ्रेंच बोलणाऱ्या गावात बिनचहाचा माणूस दारातून परत जात नाही. पण ओदिलच्या घरात चहाची एक वेगळी गंमत झाली होती. लाकडाची शेगडी विमावाल्यानं बंद करायला लावली होती. तेलाची भट्टी मुलीनं, जोसेतनं, काढून टाकायला लावली होती, पंप आहे ना म्हणून. असे एकेक शहाणे सल्ले ऐकत म्हातारी शेवटी स्वयंपाकघरात, विजेच्या एका लहानशा हीटरपुढं येऊन बसली होती. आणि हीटर आणि किटली एकदम लावली की फ्यूज उडायचा. चहा प्यायचा तर गारठायचं, ऊब घ्यायची तर तहानलेलं बसायचं. पंप दुरुस्त करायला जो येईल तो घर आणखी थोडं गार करून जायचा.

पुढच्या खोलीत तिची गालिच्याची चौकट होती. तागाच्या कापडावर आकडीनं लोकर ओढायची, हे तिचं लहानपणापासूनचं काम. उन्हाळ्यात प्रवासी येऊन घेऊन जात. आता त्या खोलीत बोटं वळत नव्हती. बोटं कापलेले हातमोजे घालून तिनं एक शेवंड विणली, ती खेकड्यासारखी दिसायला लागली.

जोसेत कॅलगरीत असते. तिचा रोज फोन.

"आई, मी नाताळात येतेय. घर गरम असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. नसेल तर परत जाताना तू आमच्याबरोबर. खोली बघून ठेवलीय. छान आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे."

"मशीनचा?"

"मशीनचाच."

"मग मी तिथं काय करू?"

"त्याच्यावर बस," जोसेत म्हणाली.

जेरार येऊन गेल्याचं मार्सेलला जेरारची गाडी वळायच्या आधीच कळलं होतं. मार्सेल हा ओदिलच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे भाचा. त्यालाही नाही म्हणता येत नव्हतं. तोही पंपच बसवतो, आणि जेरारचे आणि त्याचे पंप गावात एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

"मोठं मशीन?" मार्सेल म्हणाला. "आत्या, त्या जेरारनं पाद्रीबुवांच्या घरात एवढं मोठं बसवलंय की ते अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात लोकांची पापं ऐकतात. मेणबत्त्या वाकून नमस्कार करतात. मोठं मशीन सारखं बंद पडतं, चालू होतं, बंद पडतं. तुला लहान दोन हवीत."

"लुसीच्या सलूनमध्ये तूच दोन लावलीस ना?"

"मीच."

"ती म्हणते एक गरम फुंकतं, दुसरं गार, आणि मध्ये बायका सर्दी घेऊन घरी जातात."

"तिला रिमोट कळत नाही," मार्सेल म्हणाला. मग तो बाहेर गेला, पंपाच्या घराभोवती फिरला, छपरावरचा बर्फ हातानं हळूच झाडला, जसा लहान मुलाच्या टोपीवरचा झाडतात. आत आला तेव्हा नाक ओढत होता.

"दोन लहान. मागच्या भिंतीला."

"इथं का नको?"

"मागं बरं," मार्सेल म्हणाला आणि कपात तोंड घातलं.

तिसरा डंकन. तो डोंगरापलीकडचा, स्कॉटिश गावातला. ओदिलनं त्याला मुद्दाम बोलावलं. तो कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा, हे इथं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे खरं बोलायला त्याला काहीच अडचण नव्हती. डंकननं सगळं तपासलं, दोन्ही कान खाजवले आणि म्हणाला, "बाई, नुसत्या पंपावर विसंबू नका. तळघरात विजेची भट्टी बसवा, जोडीला पंप. स्वयंपाकघराच्या बाजूला."

"तुम्हाला पण ही जागा नको?"

डंकन खिडकीतून बाहेर त्या निळ्या दाराकडं बघत राहिला. "प्लासिद आमच्या वडलांच्या अंत्यविधीला गायला होता," तो म्हणाला. "लांबून आला होता. बर्फात."

झालं. डोंगरापलीकडं पण प्लासिद पोचला होता.

आता प्लासिदबद्दल सांगायला हवं. इतका भला माणूस की त्याला कुणी कधी खरं सांगितलं नाही. तो प्रत्येक अंत्यविधीला गायचा, आणि सूर त्याला चुकूनही सापडला नव्हता. लोक रडायचे, त्यामुळं त्याला संशय आला नाही. त्यानं बोट बांधली ती डावीकडं कलायची. बरोबर जाणारे मुकाट उजवीकडं बसायचे. उजवीकडंच गळ टाकायचे. डाव्या बाजूचे मासे सुखानं म्हातारे झाले. त्यानं ओदिलच्या बहिणीला कपाट करून दिलं, त्याचं दार उघडलं की कपाट पुढं यायचं. तिनं भिंतीला साखळदंड ठोकला आणि प्लासिदला म्हणाली, भूकंपासाठी. आमच्याकडं भूकंप होत नाहीत.

आणि ओदिल? संसारभर त्याच्या शेजारी झोपली, पण यातलं एकदाही काही बोलली नाही.

पंप आला तेव्हा कंपनीच्या माणसानं समजावलं होतं, हा बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणतो. प्लासिद विचारात पडला. "बर्फातनं ऊब? म्हणजे आपण आत, आणि तो बाहेर उभा राहून आपल्यासाठी शोधत बसणार?" पहिला स्वेत सुटला, त्या दिवशी तो खिडकीपासून हलला नाही. स्वेत म्हणजे आमच्याकडं डोंगरावरून उतरतो तो वारा. छपरं नेतो, कोंबड्या नेतो. "कुडकुडतोय गं तो," प्लासिद म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं करवत काढली.

तीन माणसं, तीन सल्ले. मोठं बसव, लहान बसव, भट्टी बसव. दुकानात गेली की तिथं चौथा, पाचवा, सहावा. जेरारला हो म्हणावं तर मार्सेल नाताळच्या प्रार्थनेत रुसून मागच्या बाकावर बसणार. मार्सेलला म्हणावं तर जेरारची आई बोलणं टाकणार. डंकनला म्हणावं तर सगळं गावच. कुणालाच म्हणू नये तर कॅलगरी, आणि मशीनच्या गालिच्यावर बैठक.

ओदिलनं तिघांनाही निरोप धाडला, "ये, ठरवून टाकू." तिघांनाही एकच गुरुवार.

जेरार आला तो मार्सेलला बघून दारातच थबकला. मागून डंकन आला आणि दोघं एकमेकांच्या जरा जवळ सरकले. ओदिलनं मटणाची पाई मांडली, हीटर बंद केला, किटली लावली, आणि तेवढ्यात स्वेत सुटला.

जेरार आणि मार्सेलनं आपापल्या गाड्या वाऱ्याकडं तोंड करून लावल्या होत्या. आमच्याकडं पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं. डंकन पलीकडचा, त्यानं पाठ करून लावली होती. काहीतरी राहिलं म्हणून तो आणायला गेला, गाडीचं दार उघडलं, आणि दार गेलं. नुसतं गेलं, समुद्राकडं, पतंगासारखं. डंकन आत येऊन बसला. बराच वेळ त्याच्या हातात दाराची मूठ होती.

आता वारा पडेपर्यंत कुणालाच बाहेर जाता येणार नव्हतं. छोटंसं स्वयंपाकघर, तीन धिप्पाड पुरुष, एक पाई.

"मोठं," जेरार म्हणाला.

"आत्याला वाळवून सुकट करायचंय याला," मार्सेल म्हणाला.

"तुम्ही दोघं वीज गेल्यावर काय करणार?" डंकन म्हणाला.

"वीज गेल्यावर तुझी विजेची भट्टी काय करणार?" दोघं एकदम म्हणाले. ते एकमताचं वाक्य तोंडून निघाल्याचं दोघांनाही वाईट वाटलं.

आवाज चढले. कोट उतरले. जेरारनं टेबलावर काट्यानं घराचा नकाशा काढला, मार्सेलनं तो पाईच्या रश्श्यात बुडवला. भिंतीवरच्या उष्णतामापकाकडं ओदिलचं लक्ष गेलं. काटा वर सरकला होता. हीटर बंद, पंप मेलेला, आणि भांडणाऱ्या माणसांनी खोली तापवली होती. पूर्वी असंच असायचं. प्लासिद, त्याचे भाऊ, बोटीवरची माणसं, सगळी उजवीकडं बसणारी. तेव्हा ती खिडकी उघडायची.

तिनं हातमोजे काढले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमचं तिघांचं कशावरच जमत नाही. मग जागा बदला एवढं एकच तिघं कसे सांगताय?"

वारा घराला खांद्यानं ढकलत होता. तिघांनी आपापले बूट बघितले.

"जेरार."

"मावशी, नको ना."

"बोल."

"मशीनला मोकळी हवा लागते," जेरार बुटांना म्हणाला. "ते गार हवा बाहेर टाकतं. काकांनी भिंती घातल्या, म्हणून तीच गार हवा परत आत जाते. ते आपलाच श्वास परत घेत बसलं. तसं करून करून मेलं."

"जागा बदलली असती तर घर तसंच राहिलं असतं," मार्सेल पुटपुटला. "रिकामं. दिसायला."

"तू?" तिनं डंकनला विचारलं.

"मी परका," डंकन म्हणाला. "माझ्या तोंडून बरं दिसलं नसतं."

ओदिलनं सगळ्यांच्या कपात चहा ओतला.

"पहिली फळी ठोकली तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "जे फुंकतं त्याच्या तोंडावर फळी मारत नाहीत, एवढं मला कळतं. पण तो तोंडात खिळे धरून गात होता."

तिनं किटली खाली ठेवली.

"याच जागी दुसरा लावला तर? याच मापाचा, मोकळा?"

तिघांनी एकमेकांकडं चोरून बघितलं. "मजबूत पायावर उचलून लावला," डंकन म्हणाला, "आणि वाऱ्याच्या बाजूला, चांगलं लांब, फटीफटीचं कुंपण घातलं, तर चालेल. छान चालेल."

"मग तिघं मिळून लावा. एकानं आत, एकानं बाहेर, एकानं तारा. आणि वाईट चालला तर तिघांनाही शिव्या बसतील."

वारा संध्याकाळी पडला. सगळे बाहेर आले. मार्सेलची शिडी गेली होती. शेजाऱ्याची कोंबड्यांची खुराडी गेली होती. ओदिलच्या मोठ्या घराच्या छपराचे तीन पत्रे गेले होते. पंपाचं घर जिथल्या तिथं होतं. एक फळी हलली नव्हती. डंकननं खिशातून पाणसळ काढून त्याच्या छपरावर ठेवली, आणि बुडबुडा बरोब्बर मध्ये येऊन थांबला.

"सरळ आहे," तो हळूच म्हणाला.

आयुष्यभरात प्लासिदनं सरळ बांधलेली ती एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी तिघं एकाच गाडीतून आले, कारण डंकनच्या गाडीला दार नव्हतं. नवीन पंप मागं बांधलेला होता. ओदिल आधीच बाहेर उभी होती, प्लासिदचा कोट घालून, हातात छोटी पहार.

"मावशी, आण इकडं," जेरार म्हणाला. "आम्ही काढतो. तू आत जा."

"आत काय आहे? आत तर इथल्यापेक्षा गार आहे."

"अगं पण..."

"तुम्ही काढलंत तर तो म्हणेल पोरांनी काढलं," ओदिल म्हणाली. "एकदा तरी त्याला माझ्याकडून कळू दे."

ती गुडघ्यावर बसली. पहारीचं टोक छपराखालच्या फटीला लावलं. प्लासिदनं सढळ हातानं खिळे ठोकले होते, फटीत टोक जाईना. तिनं पहार बाहेर काढली आणि बर्फात ठेवली.

मग तिनं उजव्या हाताचा मोजा काढला आणि त्या निळ्या दारावर दोनदा टकटक केलं.

आतला म्हातारा माणूस उठून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागेल, तेवढी ती थांबली. मागं तिघं समुद्राकडं बघत होते.

तिनं मोजा परत घातला आणि पहार उचलली.