अण्णांचा उजवा हात

लष्कराच्या दप्तरखान्यातून आजोबांची फाईल मिळाली, तेव्हा तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. आजोबांना घरात सगळेच अण्णा म्हणत. युद्धात ताप आला, उजवा हात कायमचा थरथरू लागला आणि म्हणून पेन्शन मिळाली, हे घरातलं वेदवाक्य. फाईलमध्ये मात्र एका डॉक्टरचा शेरा होता: 'लक्ष दुसरीकडे वळवल्यास हात स्थिर. सोंग असावे.' दुसऱ्या डॉक्टरनं तरीही पेन्शन मंजूर केली होती.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. नोकरीसाठी 'दिसतंय' म्हणणारे आणि रजेसाठी 'दिसत नाही' म्हणणारे, दोन्ही नमुने रोजचेच. कुठंतरी पाणी मुरत होतं. ती थेट आत्याकडे गेली.

आत्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. वयानं वाकलेली, पण कान तिखट आणि जीभ त्याहून.

"अण्णांचा हात खरंच थरथरायचा?"

आत्याचे हात थांबले. "तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही गं."

"मग गाडलेली मढी कशाला उकरतेस?" आत्या उठली, खिडकीतून खाली कुणी उभं नाही ना हे पाहून आली. "थरथरायचा. झालं समाधान?"

ही अशी बधायची नाही, हे ओळखून तिनं खडा टाकला. "बाबा म्हणतात, तूच अण्णांना चमच्यानं भरवायचीस."

"मी? अगं, सुईत दोरा ओवून द्यायचे ते मला!" आत्या बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

ती खुर्चीत टेकली.

"हात धडधाकट होता. पण आजार खोटा नव्हता. खंदक ढासळून ते मातीखाली अडकले होते. तेव्हापासून दार लागलं की श्वास कोंडायचा, घाम फुटायचा, आईलाही ओळखायचे नाहीत. कारखान्यात कामाला गेले, तर पहिल्याच दिवशी काच फोडून बाहेर आले. डॉक्टरला खरं सांगितलं, तर म्हणाला, भित्रेपणाला पेन्शन नसते. मग पुढच्या खेपेला हात थरथरवत गेले."

"हे तू आत्ता रचलं नाहीस कशावरून?"

"नको ठेवूस विश्वास! आईनं घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या होत्या. न्हाणीत कुणी आहे हे बाहेर कळावं, म्हणून आम्ही पोरं आत खच्चून गात बसायचो."

तिला हसू आलं. बाबा अजूनही अंघोळ करताना खच्चून गातात. शेजारी तक्रार करतात, आई चिडते, पण कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बाबांना हे माहीत आहे?"

"धाकटा तो. बाहेर बोलून जाईल म्हणून त्याच्यासमोरही हात थरथरायचाच. त्याला कोण सांगणार? तूही सांगू नकोस."

"सांगणार, आत्या."

आत्यानं हात पुढे केला. "मग फोन लावून दे इकडे. तुला नीट जमायचं नाही."