तिसरी वायर

रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात माझं राज्य असतं. बायको म्हणते, राज्य कसलं डोंबलाचं, एका तव्यापुरती जहागिरी. तिचंही खरंच आहे. मला एकच पदार्थ येतो आणि तो एकाच भांड्यात होतो. खोलगट बिडाचा तवा घ्यायचा, तळाला बटाट्याच्या पातळ चकत्या लावायच्या, त्या कडेनं लालसर झाल्या की वर कांदा, मग टोमॅटो, आणि सगळं मऊ झालं की चमच्यानं चार खळगे करून त्यांत चार अंडी फोडायची. झाकण ठेवायचं. मधेच कुणी उघडून बघायला आलं तर हातावर चापट मारायची. घासायला भांडं एकच पडतं, म्हणून बायको या प्रकाराला नावं ठेवत नाही. एरवी ती माझ्या कुठल्याही कामाला नावं ठेवू शकते.

खळगे ठरलेले आहेत. तव्याच्या दांड्याकडचं अंडं आईचं, तिला पिवळा बलक घट्ट लागतो. समोरचं बायकोचं. डावीकडचं माझं. उजवीकडचं चिमणीचं, म्हणजे आमच्या आठ वर्षांच्या लेकीचं, आणि ते फुटलं तर दिवसभर घरात सुतक.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. एकोणीस वर्षं झाली. कामावर मला मोजणी मास्तर म्हणतात, माझ्या पाठीमागेच नाही तर तोंडावरही. कारण एकच. कामाला जाताना पिशवीत किती वस्तू घेतल्या आणि परत येताना किती आणल्या, हे मी मोजतो आणि दुसऱ्यांनाही मोजायला लावतो. त्यातही जंपर.

लिफ्टचं कुठल्याही मजल्यावरचं दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट जागची हलत नाही. तशी सोयच केलेली असते. दुरुस्ती करताना मात्र ही सोय आमच्याच आड येते, म्हणून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, पॅनेलमध्ये, एक वायर जोडून ती थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते. त्या वायरला जंपर म्हणतात. ती लावली की लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. मग दार सताड उघडं असलं तरी ती चालते. काम झालं की वायर काढायची. नाही काढली तर काय होतं, हे मी नव्या लोकांना अशा शब्दांत सांगतो की त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

माझ्याकडे तीन जंपर आहेत. लाल, हातभर लांब, आंधळ्यालाही दिसतील असे. संध्याकाळी घरी आलो की ते स्वयंपाकघरात, तव्याच्याच खिळ्यावर टांगतो. बायको सुरुवातीला ओरडली, मग तिनं नाद सोडला.

त्या रविवारी तवा काढताना मी वायरींचा जुडगा उचलून ओट्यावर ठेवला आणि बटाटे चिरायला घेतले. ऊन छान पडलं होतं. आई दर रविवारी आमच्याकडे खायला येते. ती दोन गल्ल्या पलीकडे, पाचव्या मजल्यावर एकटी राहते. तिचे गुडघे कामातून गेलेत, आणि तिच्या इमारतीची लिफ्ट चार दिवस बंद होती. पाचव्या मजल्याच्या दाराची कडी झिजली होती. दार ओढलं की लागल्यासारखं वाटायचं, पण कडी आत बसायची नाही. त्यामुळे लिफ्ट हलायची नाही. शनिवारी दुपारी मीच जाऊन दुरुस्त केली.

"बाबा, मी आजीला आणायला जाऊ?" चिमणी चपला घालूनच विचारत होती.

"जा. आणि काय लक्षात ठेवायचं?"

"काचेतून दिवा दिसला तरच दार ओढायचं," तिनं पाढा म्हटल्यासारखं म्हटलं. "दर वेळी काय हो बाबा!"

ती गेली. मी कांदा टाकला. चांगला वास सुटला. टोमॅटो घातले, मीठ घातलं, खळगे केले, अंडी फोडली. चिमणीचं अंडं न फुटता पडलं म्हणून स्वतःवर खूश झालो. झाकण ठेवलं. आता पाच मिनिटं हात रिकामे. हात रिकामे असले की मी काहीतरी मोजतो. ओट्यावरच्या वायरी मोजल्या.

दोन होत्या.

जुडगा सोडवून पुन्हा मोजल्या. ओट्याखाली वाकून पाहिलं. पिशवी जमिनीवर उलटी केली. पाने, पेचकस, कानस, टॉर्च, सगळं होतं. कालच्या शर्टाचे खिसे उलटे केले. मग मी तिथेच खाली बसलो, कारण शनिवारची दुपार मला आठवली.

आई गच्चीपर्यंत चढून आली होती. त्या गुडघ्यांनी, एका हातात चहाचा थर्मास घेऊन. "आधी पी बाबा, गार होईल." मी तिच्यावर ओरडलो, कुणी सांगितलं होतं चढायला म्हणून. ती जिन्यात उभी राहून धापा टाकत होती. तिला लवकर खाली न्यावं म्हणून मी घाईघाईनं चहा प्यायलो, पॅनेलचं झाकण लावलं, पिशवी भरली. तिला धरून पाचव्या मजल्यावर आणलं आणि बटण दाबलं. लिफ्ट आली. आई शेजारणीला म्हणाली, "बघा, माझ्या मुलाचा हात लागला की कशी चालते!" मी फुगलो. घरी येऊन जुडगा न मोजता खिळ्याला अडकवला.

लिफ्ट चालली ती माझ्या दुरुस्तीनं नव्हे. आत वायर होती म्हणून चालली. ती कडी मी कानशीनं घासली होती खरी, पण ती बसते की नाही, हे लिफ्टच सांगणार होती, आणि लिफ्टचं तोंड मीच बांधून ठेवलं होतं. म्हणजे पाचव्या मजल्यावर लिफ्ट असो वा नसो, ते दार ओढलं की उघडणार. आत लिफ्ट नसेल तर खाली पाच मजल्यांची विहीर.

अशा वेळी पहिला विचार कुणाचा यावा? लाज वाटते सांगायला. मला आईच्या आधी कामावरची चुका लिहायची नोंदवही दिसली. अशीच वायर आत राहिली म्हणून एका माणसाला कायमचं घरी बसवलं होतं, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त मीच बोललो होतो.

आईला फोन लावला. वाजत राहिला. ती फोन फ्रिजवर ठेवून विसरते. मग वॉचमनचा नंबर काढला आणि बोट त्यावर थांबलं. त्याला सांगितलं की दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत बोभाटा होणार. पळत गेलो तर चार मिनिटं. गुपचूप वर जायचं, वायर काढायची, कुणाला पत्ता नाही. मी फोन खिशात टाकला.

"अहो, कुठे निघालात? अंडी?" बायको आतून म्हणाली.

"गॅस बंद कर," एवढंच बोललो.

पळताना गल्लीत एक जण गाडी धूत होता. "काय मास्तर, कुठे आग लागली?" म्हणून हसला. मी चिमणीला निघून किती वेळ झाला ते मोजत होतो. कांदा, टोमॅटो, अंडी. दहा मिनिटं तरी झाली होती.

वॉचमन खुर्चीत आरामात बसला होता. "साहेब, लिफ्ट एकदम झकास झाली! छोटी मघाशीच वर गेली."

लिफ्ट पाचव्या मजल्यावर होती. दाराच्या वर पाचचा आकडा पेटलेला दिसत होता. आणि मी, मोजणी मास्तर, काहीही विचार न करता बटण दाबलं. ती खाली येऊ दे, म्हणजे कुणी तिच्यात पाय ठेवणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

लिफ्ट आली. काचेत दिवा दिसला. दार उघडलं तर आत आई उभी होती, एकटी, हातात पिशवी.

"कोण रे एवढ्या घाईनं बटण दाबतंय? अगंबाई, तू? अरे, चिमणी वर राहिली ना! माझा चष्मा विसरला म्हणून तिला परत पाठवलं. म्हटलं, मी आत उभी राहते, तू पटकन घेऊन ये. दार लावून गेली पोर, तर ही निघालीच खाली."

मला आईचे शब्द ऐकू येत होते आणि त्यांच्यामागे फक्त एक गोष्ट दिसत होती. वर चिमणी चष्मा घेऊन येणार, आजी आत आहे असं समजून दार ओढणार. लिफ्ट तिथून मीच काढून घेतली होती.

लिफ्टनं वर जावं? पोर आत वाकून बघत असेल तर लिफ्ट तिच्यावरच जाईल. दार उघडं धरून लिफ्ट इथेच अडवावी? एरवी अडली असती, आज उघड्या दारानंही ती चालणार होती. वरून बटण दाबलं गेलं असतं तर उंबऱ्यात उभी असलेली आई चेचली गेली असती. मी आईला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती कळवळली.

"हात लावू नका लिफ्टला! कुणीही!" वॉचमनला ओरडून सांगितलं आणि जिना धरला.

"चिमणे, दार ओढू नकोस!" पहिल्या मजल्यावर ओरडलो. दुसऱ्यावर ओरडलो. आवाज जिन्यातच घुमला. कुठल्या तरी घरात रेडिओ मोठ्यानं चालू होता. त्या रेडिओवाल्याचा मला इतका राग आला की सांगता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावर होतो तेव्हा भिंतीपलीकडून, लिफ्टच्या विहिरीतून, काहीतरी खाली गेलं. खाली लिफ्टच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला. एकच आवाज. त्यानंतर काही नाही. किंकाळी नाही, काही नाही.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. किती वजनाची वस्तू पडली की पत्रा कसा वाजतो, हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं कळतं. त्या क्षणी काही कळेना. वर जाऊन बघण्यापेक्षा इथेच राहावं, असं वाटलं. बाप म्हणून हेही लिहून ठेवतो.

मग चढलो. उरलेले दोन मजले कसे चढलो ते आठवत नाही.

पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार वीतभर उघडं होतं. आत काळोख. चिमणी समोरच्या भिंतीला पाठ लावून, जमिनीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला बघताच तिचा चेहरा पडला.

"बाबा, रागावू नका. मी मुद्दाम नाही केलं. आजी आत आहे म्हणून मी ओढलं. मग दिवा दिसलाच नाही. मी थांबले, पण चष्मा हातातून सुटला." ती रडायला लागली. "आजी ओरडेल ना?"

मी आधी दार लोटून त्याला पाठ लावून बसलो आणि मग तिला ओढून कुशीत घेतलं. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता. मी तिची बोटं मोजली. दोन्ही हातांची, दोनदा.

शेजारणीला दारापाशी उभं करून मी गच्चीवर गेलो. पॅनेल उघडलं. लाल वायर आंधळ्यालाही दिसेल अशी लोंबत होती. मेन स्विच पाडला, वायर काढली, कुलूप लावलं. चष्मा लिफ्टच्या टपावर मिळाला. एक काच होती, तिला तडे गेले होते. दुसरीचा चुरा.

आईला आम्ही हळूहळू चालवत घरी आणलं. बायकोनं गॅस बंद केला होता, पण तवा बिडाचा, आपल्याच उष्णतेनं शिजत राहिला होता. चारही बलक घट्ट झाले होते. तळाचे बटाटे काळे. तरी तिनं चार ताटल्या वाढल्या, कारण आमचे चेहरे बघून तिला दुसरं काही सुचलं नसावं.

आई डोळे बारीक करून ताटली चाचपत होती. "माझ्या आवडीचं झालंय आज. पण चष्मा पडला कसा गं चिमणे? नीट धरायचा ना. आणि तू रे, मला ओढलंस केवढ्यानं, दंड दुखतोय अजून."

चिमणीनं घास तसाच तोंडात ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे पुन्हा भरले होते. ती काही बोलणार नव्हती. गप्प राहिलो असतो तर चष्म्याचा दोष कायमचा तिच्या माथी राहिला असता, आणि नोंदवही कोरी राहिली असती.

मी उठलो, खिशातली वायर काढली आणि टेबलावर, तव्याशेजारी ठेवली.

"चष्मा तिनं नाही पाडला, आई," मी म्हणालो. "मी पाडला. ऐक."

आणि सांगायला सुरुवात करण्याआधी मी फोन काढून ऑफिसचा नंबर लावला, म्हणजे मधेच माझा विचार बदलायला नको. पलीकडे घंटी वाजत होती. आई माझ्याकडे बघत होती, पण चष्म्याशिवाय तिला माझा चेहरा दिसत नव्हता.