कपिलीची कास

“अर्धी कास तशीच ठिवून कुटं निघालास रं, मुडद्या?”

विठाबाई गोठ्यात बोलली की तळ्याच्या बांधावर धुणं धुणाऱ्या बायकांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायचं. त्या सकाळी चूक तिच्या लेकाची, ज्योतिबाची होती. दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून त्याला बेंगळुरात रतीब घालायला पोचायचं होतं. नुकती व्यालेली कपिली लाथा झाडत होती. तिची कास उजव्या अंगानं दगडासारखी झाली होती आणि तिथं ती हात लावू देईना. म्हणून ज्योतिबानं मऊ बाजूचे दोन सड पिळले, उरलेल्या दोघांना मनातून नमस्कार केला आणि उठला.

“अव्वा, ती लाथ मारतीया.”

“दुखतंय तर लाथ न्हाई मारायची, तर तुझी आरती करायची? बस खाली. जिथं दगड हाय तितंच आदी हात गेला पायजे. आत ऱ्हायलं की दूध वैरी हुतं बाबा, भाईर आलं की दूध हुतं.”

“उशीर झालाय, अव्वा.”

“सरी, जा मग. मी बगती.”

मारतहळ्ळी तेव्हा गावच होतं. नाचणीची शेतं, तळं, आणि अधूनमधून विमानाच्या कारखान्यावरून डोक्यावर घरघरत जाणारं विमान. विठाबाईचं घराणं कुठल्या पिढीत इकडं आलं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि गुरांना दोन्ही भाषा कळायच्या, पण ती ऐकायची फक्त विठाबाईचं. वर्तूरपासून माणसं गाई घेऊन तिच्या दारात यायची. गाईची कास सुजली, तुंबली, सडाला चीर पडली, की विठाबाई. गुरांचा डॉक्टर यायचा तोही आधी तिला विचारून मग सुई काढायचा.

तिनं चुलीवरचं कोमट पाणी आणलं, फडकं पिळून कासेवर धरलं, बोटाला लोणी लावलं आणि वरून खाली, सडाकडं, हलक्या हातानं चोळायला सुरुवात केली. मग वासरू सोडलं.

“हितं लाव तोंड. तिकडं न्हाई, गुलामा, हितं. दगडाला. आन नुसतं सडाचं टोक धरून वढू नको, तोंड भरून घे.”

गोठा आणि बाळंतिणीची खोली यांच्यात एकच मातीची भिंत होती आणि तीही वरपर्यंत पोचलेली नव्हती. पलीकडं बाजेवर विठाबाईची सून प्रेमा निजली होती. गोठ्यातला शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

प्रेमाला अंगात ताप होता. तिचं उजवं थान कालपासून तटतटून लाल झालं होतं. हात लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. सुरुवात एवढीशी होती. बाळाच्या ओढण्यानं बोंडाला चीर पडली, म्हणून ती दोन दिवस त्याला डावीकडंच पाजत राहिली. सांगायचं कुणाला? माहेर लांब यशवंतपूरला, आणि नवऱ्याला असलं सांगायची रीत नव्हती. चीर राहिली बाजूला, दूध आत साकळलं.

गाईच्या बाबतीत विठाबाईला जे अंधारात हात फिरवून कळायचं, ते सुनेच्या बाबतीत उजेडातसुद्धा कळलं नाही. तिनं बघितलं आणि निकाल दिला. दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. सगळी मिरची जळाली, ठसका मात्र भिंतीपलीकडच्या कपिलीला लागला. उजव्या अंगाचं दूध नासलं, पोराला तिकडं लावायचं नाही, असं ठरलं. मग गावची सुईण तानूबाई आली. तिनं आणखी पुढचं सांगितलं.

“अक्का, मल्लिगेची फुलं बांदा छातीवर. चांगली घट्ट. दोन दिसांत दूध आटतंय. दुकणं बी गेलं, ताप बी गेला.”

“आन पोर?”

“अय्यो, तुमच्या घरात दूध काय कमी हाय? गाईचं पाजा.”

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या मुलखाची रीतच होती ती. ज्या बाईचं मूल जायचं, तिचं दूध आटवायला मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलंच बांधत. इथं मूल जिवंत होतं, एवढाच काय तो फरक.

दुपारी ज्योतिबा बाजारातून केळीच्या पानात बांधलेली फुलं घेऊन आला. पुडी उघडली तशी सगळी खोली वासानं भरली. विठाबाईनं नाकाला पदर लावला. तिला हा वास चालत नसे. लग्नाकार्यात सगळ्या बायका डोकीभर गजरे माळायच्या, ही आपली चार शेवंतीची फुलं खोचून जायची. डोकं दुखतं, म्हणायची.

“ऊठ, बांदती,” ती म्हणाली.

प्रेमा उठली नाही. बाळाला तिनं डाव्या कुशीत आणखी जवळ ओढलं.

“अत्ती, एक विचारू?”

“विचार. पर पडल्या पडल्या न्हाई.”

“सकाळी कपिलीची कास दगड झाली हुती. तिला मल्लिगे का न्हाई बांदली?”

विठाबाईला वाटलं, तापात बडबडते आहे.

“येडी का खुळी? गाईचं दूध कुनी आटवतंय व्हय? वासरू कशावर जगंल?”

“मग तिला दृष्ट लागली नव्हती?”

“तुंबली हुती ती. मोकळी केली, उतरली.”

“मलाबी तुंबलंय, अत्ती.”

“तू काय गाय हैस?”

“गाय असती तर बरं झालं असतं,” प्रेमा म्हणाली. “सकाळीच मोकळी झाली असती.”

सुनेनं सासूला उलट बोलायची ही त्या घरातली पहिलीच वेळ. विठाबाईनं तोंड उघडलं. चार पिढ्यांच्या शिव्या जिभेवर तयार होत्या. पण तोंड उघडलं तसा मल्लिगेचा वास आत गेला आणि शिव्या तिथंच राहिल्या.

ती सोळा वर्षांची होती तेव्हा याच खोलीत, याच बाजेवर तिलाही असंच झालं होतं. पहिली मुलगी होती. सासूनं फुलं बांधली. दूध आटलं, ताप उतरला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलीला गाईचं दूध पाणी घालून पाजायला लागले. पाणी तळ्याचं. मुलीचं पोट बिघडलं ते बिघडलंच, उगादीच्या आधी ती गेली. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले आणि विठाबाईही तेच म्हणत आली. पोर गेल्यावर सासूनं तिला रडत बसू दिलं नाही, गोठ्यात पाठवलं. तिथं कपिलीच्या आजीची कास तुंबली होती, आणि सासूनंच तिला शिकवलं, कोमट पाणी घे, लोणी घे, वासरू लाव.

विठाबाईनं फुलं परत पानात गुंडाळली. मग पुडी तशीच उचलून बाहेर गेली. प्रेमाला वाटलं, आता सासू माहेरी निरोप धाडते.

विठाबाई परत आली ती कोमट पाण्याचं भगुणं घेऊन. वाटीत लोणी होतं, सकाळचंच. फडकं मात्र धुतलेलं नवं होतं.

“पोराला खाली ठिव. सरळ बस. वरडायचं न्हाई.”

प्रेमा ओरडली नाही. पदराचा बोळा दातात धरून बसली. विठाबाईनं शेक दिला, मग बगलेपासून बोंडाकडं हलका हात फिरवत राहिली. अर्ध्या गावाच्या गाईंची कास चोळलेला हात तो. हाताखाली गाठ होती. नुसत्या हाताला कळत होतं कुठं अडलंय.

“चीर कवा पडली?”

“तीन-चार दिस झालं असतील.”

“आन बोलली न्हाईस.”

“कपिलीबी बोलली न्हवती, अत्ती. तुमी बगितलं.”

विठाबाईनं फडक्यानं हात पुसले. तिनं बाळ उचललं.

“हितं लाव. दगडाला, पयलं.”

“पर नासलेलं दूध...”

“कोन म्हनलं नासलंय?”

तीच म्हणाली होती. प्रेमानं आठवण करून दिली नाही, तेवढी ती शहाणी होती.

बाळानं बोंडाचं टोक धरलं तशी प्रेमा कळवळली. विठाबाईनं बोटानं त्याची हनुवटी खाली केली.

“आ कर, गुलामा. नुसतं बोंड न्हाई, भवतालचं काळं बी घे. आईला चिरतोस काय? तोंड भरून घे.” मग सुनेला म्हणाली, “आन तू वाकू नको त्याच्याकडं. त्याला तुज्याकडं घे. पाजून झालं की दोन थेंब दूध त्याच चिरंवर लावून वाळू द्याचं.”

बाळानं तोंड भरून घेतलं. आधी नुसतं ओढत राहिलं, मग गटागटा गिळण्याचा आवाज यायला लागला. प्रेमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते दुखण्याचं होतं की मोकळं होण्याचं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पलीकडं कपिलीचं वासरूही पीत होतं.

उरलेला दिवस तेच चाललं. शेक, लोणी, बाळ. बाळ निजलं की विठाबाई वाटीत पिळून काढायची. संध्याकाळी गाठ विरघळू लागली आणि दुसऱ्या दिवशी प्रेमानं ताप उतरल्यावर पहिलं काय केलं असेल, तर नाचणीची भाकरी मागितली.

तानूबाई विचारपूस करायला आली. बाळ उजव्या अंगाला लागलेलं बघून ती उंबऱ्यातच थांबली.

“अक्का, हे काय? फुलं बांदली न्हाई?”

“न्हाई.”

“मग फुलं काय केली?”

“कपिलीनं खाल्ली.”

“आन दृष्ट?”

“ती बी तिनंच खाल्ली.”

तानूबाईला कळेना हसावं की परत फिरावं. “हे औशद कुनी सांगितलं मग?”

“घरातलंच हाय,” विठाबाई म्हणाली. “लई जुनं. इथून पुढं कुनाचं असं झालं, तर फुलं सांगू नको. माज्याकडं धाड.”

तानूबाई गेली. खोलीत प्रेमा बाळाला थोपटत होती. विठाबाई चरवी घेऊन गोठ्यात गेली. कपिलीनं मान वळवून बघितलं आणि परत रवंथ सुरू केलं. विठाबाई तिच्या पोटाला डोकं टेकून बसली. उतरलेल्या कासेवर हात ठेवला.

“तुजी आई धुतली, आजी धुतली,” ती हळूच म्हणाली. भिंत वरपर्यंत पोचलेली नाही हे ती विसरली होती. “सगळ्यांच्या कासा धुतल्या मी. एकीनं तरी माज्या पोरीच्या येळंला सांगायचं न्हाई व्हय गं?”

भिंतीपलीकडं थोपटण्याचा आवाज थांबला.

कपिलीनं शेपटीनं माशी हाकलली. विठाबाईनं पदरानं डोळे पुसले, हाताला लोणी लावलं आणि धार काढायला घेतली. उजव्या बाजूनं आधी.